मेंढरं सोडायची, की वाडा?

पत्र थोडक्यात असं: फलटण तालुक्यातल्या धनगर कुटुंबातली ही 26 वर्षांची वाचक पुण्यात एका खासगी रुग्णालयात नर्स आहे. आईवडील आणि 19 वर्षांचा धाकटा भाऊ दिवाळी झाली की 110 मेंढरं घेऊन वरंध घाटाने महाडकडे उतरतात आणि मृगाच्या आत परत येतात. ती चुलत्यांकडे राहून शिकली. तिचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं, त्याच वर्षी भावाची शाळा आठवीनंतर सुटली. वडिलांचे गुडघे कुरकुरायला लागले होते आणि मेंढरांमागे कोणीतरी हवं होतं. आता वडील कळप विकायचं म्हणतात, भाऊ तयार नाही. तिने त्याला चाकणला ठेकेदारामार्फत महिना 16 हजारांचं काम मिळवून दिलं, तिथून तो नऊ दिवसांत निघून आला. लग्नासाठी दोन ठिकाणी शब्द टाकला, तर 'मेंढरामागचा पोरगा नको' असं उत्तर आलं. 'त्याला यातून बाहेर कसं काढू? माझ्यामुळे त्याचं आयुष्य वाया गेलं,' असं ती लिहिते.

प्रिय मैत्रिणी,

तुझं चार पानी पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले, कारण काहीतरी राहतंय असं सारखं वाटत होतं. वडील काय म्हणाले ते पत्रात आहे. ठेकेदार फोनवर काय बोलला ते आहे, दोन्ही सोयरिकींकडचे निरोप आहेत, आई गप्प बसली हेही तू टिपलंयस. भावाचं मात्र एकही वाक्य नाही. चाकणहून का आलास असं विचारलं तर 'नुसता हसला', एवढंच. पाच वर्षं तो मेंढरांमागे आहे, आणि त्याला काय वाटतं याला चार पानांत जागा झाली नाही. हा टोमणा समजू नकोस. घरातल्या शिकलेल्या माणसाचं असं होतंच. सगळे आपल्याकडे बघतात, आपण धावपळ करून मार्ग काढतो, आणि ज्याच्यासाठी काढला त्याला विचारायचं राहून जातं.

तू विचारतेस, त्याला 'यातून' बाहेर कसं काढू. यातून म्हणजे कशातून? हा शब्द तू कधी मेंढरांसाठी वापरतेस, कधी सात महिन्यांच्या भटकंतीसाठी, आणि कधी लोक ज्या नजरेने बघतात त्या नजरेसाठी. तिन्हींचं एकच गाठोडं बांधून तू ते भावाच्या डोक्यावरून उतरवायला निघाली आहेस. उतरवायच्या आधी गाठ सोडून आत काय काय आहे ते बघू.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत महाडच्या अलीकडे एका वाड्यावर मी एक रात्र राहिले होते. (वाडा म्हटलं की चौसोपी डोळ्यांपुढे येणाऱ्या वाचकांसाठी सांगते: चार-पाच बिऱ्हाडं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या असं सगळं मिळून जे चालत राहतं, तो धनगरांचा वाडा.) पहाटे भांड्यांच्या आवाजाने जाग आली. एक बाई, फार तर तिशीची, तळ उचलत होती. आधी तवा-पातेली, मग पिठाचं गाठोडं, मग मेंढरं कोंडायची जाळी गुंडाळून, सगळं घोडीच्या पाठीवर दोन्ही बाजूंना सारख्या वजनाने. रात्री जन्मलेली दोन कोकरं तिने झोळीत घातली, तोंडं बाहेर ठेवून. पाय बांधलेल्या कोंबड्या सगळ्यात वर. तीन वर्षांचं पोर झोपेतच होतं. ते तसंच उचलून बोजावर बसवलं आणि त्याच्या कमरेला दोरीचा एक वेढा दिला. गाठ मारताना दोरीचं टोक तिने दातात धरलं होतं. पुरुष तोवर मेंढरं घेऊन शेताशेतांतून पुढे गेले होते. ती घोडी धरून डांबरी रस्त्याने निघाली. पुढच्या शेतात पोचून पाणी शोधायचं, चूल मांडायची, जाळी लावायची, आणि दोन-तीन रात्रींनी पुन्हा सगळं घोडीवर.

दोन मुलींनी तुझ्या भावाला नाकारलं असं तू लिहितेस. त्यांनी त्याला पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी आपापल्या आईला घोडी भरताना पाहिलंय. तूही पाहिलंयस, आणि तू पळालीस ती त्या पहाटेपासून. बरं केलंस. पण तुझ्या भावाची पहाट निराळी आहे. तो काठी खांद्यावर टाकून मेंढरांपुढे शीळ घालत निघालेला असतो. सोपं काम नाही ते. रात्री चोर आणि बिबट्या, दिवसा एखाद्याच्या पिकात दोन मेंढरं शिरली की शिव्या, कधी मार, आणि घाटात एखादा ट्रक भरधाव कळपात घुसेल ही धास्ती. तरीही 110 मेंढरांतली कुठली आज मान खाली घालून चालतेय हे लांबून ओळखणारा तो एकटा आहे, आणि वडिलांनाही आता त्यालाच विचारावं लागतं. एकोणिसाव्या वर्षी हे मिळालेला मुलगा शेडमध्ये बारा तास एकाच यंत्रापुढे उभा राहून नऊ दिवसांत परत आला, याचं मला फारसं नवल वाटत नाही. तू ज्याला सुटका म्हणतेस, ती तुझी होती. त्याची तीच असेल असं नाही.

आता पैशाचं. 'मेंढरांत काही राहत नाही' असं तू लिहितेस आणि त्याच पानावर, गेल्या वर्षी 42 कोकरं सरासरी साडेपाच हजारांनी गेली हेही सांगतेस. म्हणजे 2,31,000 झाले. शेतात खतासाठी मेंढरं बसवल्याबद्दल मिळालेला तांदूळ आणि थोडी रोकड वेगळी. चाकणचे 16 हजार म्हणजे वर्षाचे 1,92,000. खोलीचा वाटा आणि मेस मिळून महिन्याला साडेसहा हजार धरले तर 78 हजार तिथेच जातात, हातात उरतात 1,14,000.

मग मेंढरंच बरी? थांब. त्या दोन लाख एकतीस हजारांतून औषधं, पावसाळ्यातला चारा आणि मेलेली जनावरं वजा व्हायची आहेत. शिवाय ती तीन माणसांची कमाई आहे. वडील, भाऊ आणि आई. आईचा रोज तुमच्या घरात कोणी धरलाय का कधी? तीन वाटे केले तर खर्च न काढतासुद्धा माणशी 77 हजार पडतात. मग चाकण बरं? पुन्हा थांब. भाऊ चाकणला गेला की वाड्यावर गुडघे गेलेले वडील आणि आई उरतात, म्हणजे कळप विकावाच लागणार. ते पैसे एकदाच येतात आणि लग्न, कर्ज, घराचा स्लॅब यांत दोन वर्षांत जिरतात. तुझी फी भरायला लोणंदच्या बाजारात मेंढरं नेली होती, हे तूच लिहिलंयस. अशी नड आली की दहा विकायची आणि उरलेल्यांतून पुन्हा वाढवायची, ही सोय सोळा हजारांच्या पगारात नाही. हा हिशेब मी मेंढरांच्या बाजूने किंवा विरुद्ध मांडत नाही. मला एवढंच दिसतं की तुमच्या घरात तो कागदावर कधी झालाच नाही, आणि न झालेल्या हिशेबावर कळप विकायची बोलणी चालली आहेत.

तुझी काळजी पोकळ आहे असं मात्र नाही. या धंद्याचा घाट अवघड होत चाललाय. फलटणकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. दख्खनी मेंढी या कोरड्या हवेची. कोकणच्या पावसात तिचे खूर कुजतात, म्हणून मृगाच्या आत वर यायचं. आणि देशावर चारा संपतो तेव्हा कोकणातली भातं कापून झालेली असतात, म्हणून दिवाळीनंतर खाली जायचं. तिथल्या शेतकऱ्याला खत, तुम्हाला चारा नि धान्य. पिढ्यान्‌पिढ्या हा व्यवहार चालला. आता ज्याच्या शेतात मेंढरं बसायची तो कोकणातला शेतकरी मुंबईला गेला, त्याचं शेत पडीक झालं किंवा त्यावर काजूची कलमं लागली, तारेचं कुंपण आलं, कुठे बंगल्यांचे प्लॉट पडले. इकडे ओलिताखाली आलेल्या रानात ऊस उभा. लोकरीचं तर विचारूच नकोस; कातरणाऱ्याची मजुरी लोकरीतून निघत नाही असं वाड्यावाड्यावर ऐकायला मिळतं. तरी 2019च्या पशुगणनेत राज्यात 27 लाखांच्या आसपास मेंढ्या भरल्या, 2012पेक्षा थोड्या जास्तच. मटणाला गिऱ्हाईक आहे, तेव्हा मेंढरू टिकेल. पाय ठेवायला रान किती उरेल, हा प्रश्न आहे, आणि तुझ्या भावापुढे अजून चाळीस वर्षं आहेत.

आता गाठोड्यातली तिसरी वस्तू. ती तू ता. क. म्हणून पत्राच्या शेवटी लिहिलीस, बहुधा लिहू की नको करत. गेल्या वर्षी भाऊ कोकणातून एसटी बदलत बदलत तुझ्या हॉस्टेलच्या फाटकाशी आला. खांद्यावर घोंगडी आणि पाठीला अर्धं पोतं जाडा तांदूळ. सोबतच्या मुलीने 'कोण गं?' विचारलं आणि तू म्हणालीस, 'गावाकडचा एक जण आहे.' त्याला ऐकू गेलं. टपरीवर चहा पाजून तू त्याला परत पाठवलंस आणि तांदूळ मेसच्या मावशींना देऊन टाकलास.

मला वाटतं, तुझं अख्खं पत्र या चार ओळींपोटी आलंय. रुग्णालयात तू 'वडील शेती करतात' असं सांगतेस, आणि ते काही अगदीच खोटं नाही, दोन एकर जिरायत आहेच. पण भाऊ चाकणचा कामगार झाला, तर फाटकाशी आलेल्याला 'माझा भाऊ' म्हणणं सोपं जाईल, हाही विचार त्या नोकरीमागे कुठेतरी असेल का? चिडू नकोस. अशी लाज एकट्या तुझी नाही. आडनावावरून जात ओळखून बोलणारी माणसं आपल्या अवतीभवती आहेत, आणि हॉस्टेलमध्ये टिकून राहायला तू जे केलंस ते शेकडो मुलींनी केलंय. गंमत म्हणजे तीच घोंगडी पुण्यातल्या प्रदर्शनात हातमागाची म्हणून चढ्या भावाने जाते आणि घेणारे तिच्यावर बसून फोटो काढतात. ती धनगराच्या खांद्यावर असली की मात्र फाटकावरचा वॉचमन उठून उभा राहतो.

वाया गेलेल्या आयुष्याबद्दल. भाऊ 14 वर्षांचा होता तेव्हा तू 21 वर्षांची होतीस, परीक्षेच्या तोंडावर. त्याला शाळेतून काढायचं तू ठरवलं नाहीस. शिक्षण हक्काचा कायदासुद्धा चौदाव्या वर्षाशी येऊन थांबतो, आणि धनगराच्या घरात नेमकं त्याच वयाचं पोर मेंढरामागे चालायच्या कामाचं होतं. एकाने शिकायचं आणि एकाने राखायचं, ही वाटणी तुमच्या घरातच झाली असं नाही, वाड्यावाड्यावर झाली आहे. देणं आहे असं तुला वाटतं, तर ते फेड. पण काय देऊ, हे त्याला विचार. तुला जे द्यायला सोयीचं, ते त्याच्या उपयोगाचं असेलच असं नाही.

तू बिरदेव डोणेंचा उल्लेख केलायस. कागल तालुक्यातल्या यमगेचा मेंढपाळाचा मुलगा एप्रिल 2025मध्ये यूपीएससीत 551वा आला, निकालाची बातमी पोचली तेव्हा तो मेंढरांमागे होता, आणि तेव्हापासून तुझे चुलते तुझ्या भावाला तो व्हिडिओ पाठवत असतात. त्या मुलाचं कर्तृत्व मोठंच आहे. पण तो इंजिनीअर होऊन त्या परीक्षेला बसला होता. आठवीत शाळा सुटलेल्या मुलाला तो व्हिडिओ दर आठवड्याला पाठवणं म्हणजे काय, हे चुलत्यांना तूच सांगू शकतेस. आणि एवढं शिकूनही त्याला मेंढरं वळता येत होती, हे त्या व्हिडिओत कोणाला फारसं दिसलेलं नाही.

मग करायचं काय? मला तीन वाटा दिसतात, आणि तिन्ही सारख्याच चांगल्या आहेत असं मी म्हणणार नाही.

कळप विकून सगळ्यांनी भटकंती थांबवायची, ही वडिलांची वाट. वडिलांच्या गुडघ्यांना ती हवीच आहे, आणि गुडघ्यांचं खरं दुखणं काय ते तू रुग्णालयात नेऊन दाखवलंयस का, याचा पत्रात पत्ता नाही. नर्स मुलगी घरात असून ते राहिलं असेल, तर आधी ते. पण वडिलांनी थांबावं यासाठी मेंढरांनी जावंच असं नाही. आणि विकायचंच ठरलं, तर कळपात कोणाची किती, हे आधी बोला. पाच वर्षं तो राबला. विकल्यावर पैसे वडिलांच्या खात्यात आणि तो चाकणच्या खोलीत, असं झालं तर त्याचं हसणंही बंद होईल.

दुसरी वाट कळप लहान करून गावात राहायची. चाळीस-पन्नास मेंढ्या, दिवसा जवळपास चराई, संध्याकाळी गोठ्यात खुराक. तुमच्या फलटणमध्येच निंबकर कृषी संशोधन संस्थेने, लोक ज्याला 'नारी' म्हणतात, दख्खनी मेंढीत सुंदरबनाकडच्या गारोल मेंढीचा जुळी देणारा गुण आणून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली आहे. भावाला तिथे एकदा घेऊन जा, आणि बोलू दे त्यालाच. तो लगेच विचारेल, जुळी झाली तर दूध पुरतं का? बरोबर प्रश्न आहे. चालत्या वाड्यात दुसरं कोकरू ओझं होतं. गोठ्यात खुराक विकत आणायची ऐपत असेल तर ते नफा होतं. दोन एकर जिरायतीवर चारा किती निघेल, विहिरीला उन्हाळ्यात पाणी असतं का, यावर सगळं अडलंय. यूट्यूबवर बंदिस्त मेंढीपालनातून लाखो कमावणारे बरेच दिसतात. खुराकाचं बिल त्यातला एखादाच दाखवतो.

तिसरी वाट म्हणजे वाडा चालू ठेवायचा, पण जुन्या रीतीने नाही. माझा कल, खरं सांगायचं तर, इकडे आहे, निदान तीन-चार वर्षांपुरता. पुष्कळ वाड्यांनी घोडीच्या जागी टेम्पो आणलाय, रान बघायला एक जण मोटारसायकलवर पुढे जातो, आदल्या रात्रीच शेतकऱ्याशी फोनवर बोलणं होतं. काही घरांतल्या बायका आता गावातच राहतात, पोरांच्या शाळेसाठी. वाड्यावर जाणारे पुरुष स्वयंपाक शिकलेत, वाईट करतात पण करतात. तुझी आई गावात राहिली, वडील तिच्यासोबत राहिले, आणि भाऊ चुलतभावांच्या वाड्यात साठ-सत्तर मेंढरं घेऊन गेला, तर? सासरी आलेल्या मुलीला घोडी भरायची नाही, हे सोयरिकीच्या पहिल्या बोलण्यातच सांगता येईल. त्याने लगेच होकार येईल असं नाही. शेती करणाऱ्या पोरांनासुद्धा मुली मिळत नाहीत. डिसेंबर 2022मध्ये सोलापुरात तरुणांनी नवरदेवाच्या वेशात घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला होता, आठवत असेल. चाकणला ठेकेदाराकडे असलेल्या पोराचंही काही वेगळं नाही, तीन प्रश्नांत मुलीकडचे विचारतात, 'परमनंट आहे का?' तेव्हा लग्नासाठी म्हणून धंदा सोडायचा, तर ज्या कामासाठी सोडला त्याने लग्न जमेल याची खात्री कोण देणार? आणि 19 वर्षांच्या मुलाचं लग्न आत्ताच कशाला? कायद्यानेही मुलाला 21 पूर्ण लागतात.

वाट कुठलीही धरलीत तरी त्याच्या हातात काही कागद हवेत, आणि ते काम नक्की तुझं. वाडा फिरता असल्याने कचेऱ्यांच्या खेपा घालणं त्याला जमत नाही. तू पुण्यात बसून निम्मं करू शकतेस. पहिला कागद दहावीचा. 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसता येतं. फॉर्म पावसाळ्यात भरले जातात, तेव्हा वाडा घरीच असतो. परीक्षा मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये, मेंढरं महाडकडे असताना, म्हणून तीन आठवडे त्याच्या जागी कोण, हे आधी ठरवा. दहावी झाली तर पशुसंवर्धनाच्या पदविकेकडे जाता येतं का ते बघता येईल. अट त्या त्या वर्षीची वाच. दुसरा कागद जातीचा. धनगर समाज राज्यात भटक्या जमाती 'क'मध्ये आहे, साडेतीन टक्के आरक्षणात. अनुसूचित जमातीत घ्या, या मागणीचं काय होईल ते होईल. फेब्रुवारी 2024मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याबाबतच्या याचिका फेटाळल्या, राजकारण चालूच आहे. त्याची वाट बघत आज हातात असलेलं सोडू नका. भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961च्या आधीचा रहिवासाचा पुरावा मागतात आणि फिरत्या घरांत तोच नसतो. तुझी जात पडताळणी झालेली आहे, म्हणजे पुरावा शोधायची लढाई तू लढून बसलीस. सख्ख्या भावाला तुझं वैधता प्रमाणपत्र फार उपयोगी पडतं. त्याची झेरॉक्स आज काढ.

मेंढपाळांसाठीच्या सरकारी महामेष योजनेत 20 मेंढ्या आणि एक नर 75 टक्के अनुदानावर मिळतात. फिरत्या मेंढपाळांनाही ती आहे, त्याच्या नावाने अर्ज करता येईल. अर्ज केला म्हणजे मिळालंच, असं समजू नका. लाभार्थी थोडे आणि अर्ज ढीगभर असतात. जनावर आजारी पडलं तर पशुवैद्यकीय मदतीचा 1962 हा नंबर त्याच्या फोनमध्ये हवा. लसीकरणाच्या तारखा तू त्याला आठवण करून देऊ शकतेस, इंजेक्शनांची भाषा तुला येते. रेशन महाडलाही उचलता येतं, कार्ड आधारला जोडलेलं असलं की झालं. वडिलांना हे कोणी सांगितलं नसेल तर गेली कित्येक वर्षं ते धान्य गावातल्या दुकानातच राहिलं असणार.

वाड्यावर शाळेच्या वयाची पोरं असलेल्या घरांतूनही मला पत्रं येतात, म्हणून मध्येच त्यांच्यासाठी: निघायच्या आधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, त्यावर पुढच्या गावातली शाळा पोराला बसवून घेते. नातेवाइकांकडे ठेवायचं तर हंगामी वसतिगृहाची चौकशी दसऱ्याच्या आधीच करा, मुख्याध्यापकांकडे, लेखी. वयात आलेल्या मुलीला रानात ठेवायची भीती वाटते म्हणून तिचं लग्न उरकून टाकणाऱ्या आईबापांना मी नुसते बोल लावत नाही. ती भीती खरी आहे. पण त्या भीतीवर वसतिगृह हा उपाय आहे, लग्न नाही.

तुझ्याकडे परत येते. मेच्या शेवटी वाडा वरंध चढायला लागेल. भोरच्या बाजूला कुठेतरी तळ पडेल, फोनवर कळेलच. दोन दिवसांची रजा टाक आणि वाड्यावर जा. घरी आल्यावर बोलू म्हणून थांबू नकोस, घरी चुलते असतात, पाहुणे असतात, आणि तो पुन्हा नुसता हसेल. मेंढरांमागे त्याच्याबरोबर चाल. चालताना माणसं बोलतात. नोकरीचं काढू नकोस, 17 नंबरचा फॉर्मही पहिल्या दिवशी काढू नकोस. फाटकाशी झालेलं मात्र काढ, आणि ते तू आधी बोल. मग चाकणचं विचार: नवव्या रात्री काय झालं होतं? तिथे उभं राहवत नव्हतं की कोणी काही बोललं होतं? पाच वर्षांनी तो स्वतःला कुठे बघतो? मेंढरांतली कुठली त्याला विकवणार नाही? संध्याकाळी आईजवळ चुलीपाशी बस आणि तिला विचार, तुला काय हवंय. माझा अंदाज आहे की पंचवीस-तीस वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारलेला नाही, आणि ती आधी टाळेल. परत विचार.

मग मला दुसरं पत्र पाठव. या वेळी भाऊ बोलेल तसं लिहून घे, शब्द त्याचेच ठेव, सुधारू नकोस. आईचं त्याच्याखाली.